कौले उतरवणे

कौले उतरवणे म्हणजे कौलारू घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण करताना छपरावरील जुनी कौले क्रमाने सोडवून, शक्य तितकी अखंड ठेवून खाली आणण्याचे काम होय. कोकण, गोवा, पश्चिम महाराष्ट्राचा घाटमाथा तसेच कर्नाटक व केरळच्या किनारपट्टीवरील जुन्या घरांच्या दुरुस्तीत हा पहिला मोठा टप्पा असतो. छप्पर पाडणे आणि कौले उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाडकामात सामान वाचवण्याचा हेतू नसतो. उतरवण्यात मात्र कौले पुन्हा वापरता यावीत, खालचा लाकडी सांगाडा वाकू किंवा मोडू नये आणि काम करणाऱ्याला इजा होऊ नये, हे तिन्ही हेतू एकाच वेळी सांभाळावे लागतात. कौले ज्या क्रमाने बसवली असतील त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ती काढायची, हे या कामाचे मूळ सूत्र आहे.

## छपराची रचना

पारंपरिक कौलारू छपराच्या सर्वांत वरच्या आडव्या लाकडाला आढे म्हणतात. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत्या बसवलेल्या लाकडांना वासे म्हणतात. वाशांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या रीपा होत. कौले या रीपांवर टेकलेली किंवा अडकवलेली असतात. छपराच्या प्रत्येक उतरत्या बाजूला पाखे असे नाव आहे. दोन बाजूंना उतार असलेले घर दुपाखी आणि चार बाजूंना उतार असलेले घर चौपाखी म्हटले जाते. चौपाखी घराच्या कोपऱ्यांवर तिरप्या बसवलेल्या लाकडाला कोनवासा म्हणतात. छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडेला वळचण असे म्हणतात.

छपराचा भार कौलांकडून रीपांवर, रीपांकडून वाशांवर आणि तेथून आढे, तुळया, खांब व भिंती यांच्याकडे जातो. जुन्या घरांतील लाकडी सांधे बहुधा खाचा व खुंट्या यांवर बेतलेले असतात. दोन्ही पाख्यांचा भार सारखा असेपर्यंत असा सांगाडा स्थिर राहतो. कौले उतरवताना हा समतोल बदलत जातो, त्यामुळे त्याचा विचार कामाच्या आरंभीच करावा लागतो.

## कौलांचे प्रकार

### नळीची कौले

ही गावठी कौले कुंभार चाकावर घडवत असत. मातीची नळी करून ती उभी चिरली की दोन अर्धगोल कौले मिळत. यांना देशी कौले असेही म्हणतात. गोव्यात व दक्षिण कोकणात नळे हा शब्द रूढ आहे. एक ओळ उताणी आणि तिच्या दोन कडांवर दुसरी ओळ पालथी, अशी त्यांची मांडणी असते. बहुतेक ठिकाणी ती कशानेही बांधलेली नसतात. स्वतःच्या वजनाने आणि एकमेकांच्या आधाराने जागेवर राहतात. त्यामुळे वारा, उंदीर, मांजरे व माकडे यांमुळे ती सरकतात आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी परतावी लागतात. या वार्षिक कामाला शाकारणी म्हणतात.

### मंगलोरी कौले

यंत्राच्या साच्यात दाबून तयार केलेली ही चपटी, खाचांची कौले मंगळुरू येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनू लागली. बासेल मिशन या संस्थेने १८६०च्या दशकात तेथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती व गुरुपुरा या नद्यांच्या काठची चिकणमाती या उद्योगाला अनुकूल ठरली. पुढे कोळिकोड, कण्णूर आदी ठिकाणीही कारखाने निघाले. जहाजांतून ही कौले मुंबई बंदरात येत आणि मुंबई इलाख्यातील सरकारी इमारती, रेल्वेच्या इमारती व खासगी घरे यांवर चढत. मातीतील लोहामुळे भाजल्यावर त्यांना तांबडा रंग येतो.

मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा असतात व शेजारचे कौल त्यांत बसते. खालच्या बाजूला असलेल्या उंचवट्यांमुळे कौल रीपेवर अडकून राहते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६५४ या मानकात या कौलांची ४१० × २३५, ४२० × २५० आणि ४२५ × २६० मिलिमीटर अशी मापे दिली आहेत. एका कौलाचे वजन साधारणपणे २ ते ३ किलोग्रॅम असते. एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ कौले लागतात. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर सुमारे १,५०० कौले असतात आणि त्यांचे वजन ३ ते ४.५ टन भरते. पावसात भिजलेल्या कौलांचे वजन आणखी वाढते.

कौलाच्या मागील बाजूस बहुधा कारखान्याचे नाव, चिन्ह व काही वेळा वर्ष उमटवलेले असते. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाफार फरक असल्यामुळे एका साच्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही. जुन्या छपरावरील साच्याची कौले आता बाजारात मिळत नसतील, तर उतरवताना फुटलेल्या प्रत्येक कौलाची जागा भरणे कठीण होते. जुनी कौले अखंड उतरवण्याचे हे सर्वांत व्यावहारिक कारण आहे.

## कौले उतरवण्याची कारणे

* लाकूड कुजणे किंवा वाळवी लागणे : वासे व रीपा बदलायच्या असतील तर वरील कौले काढावीच लागतात. वरून गळती दिसत असली तरी अनेकदा खरा दोष लाकडात असतो. रीप वाकली की कौलांमधील जोड उघडतो आणि पाणी आत येते.
* कौले जीर्ण होणे : नीट न भाजलेली कौले वर्षानुवर्षे पाणी शोषून ठिसूळ होतात व त्यांचे पापुद्रे सुटतात.
* वादळाची हानी : ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात अनेक घरांवरील कौले व पत्रे उडाले. अशा वेळी उरलेले छप्परही उतरवून सांगाडा तपासावा लागतो.
* छपराचा प्रकार बदलणे : माकडांचा उपद्रव, शाकारणीसाठी कुशल माणसे न मिळणे व दरवर्षीचा खर्च यांमुळे अनेक घरमालक कौलांऐवजी धातूचे पत्रे बसवतात किंवा पत्र्यांचा थर खाली देऊन त्यावर जुनीच कौले पुन्हा घालतात.

## पूर्वतयारी

### हंगाम

कोकणात दिवाळीनंतरचा काळ या कामाला योग्य मानला जातो. पाऊस पूर्ण थांबलेला असतो, लाकूड वाळलेले असते आणि पुढील दुरुस्तीला पुरेसे महिने हाती असतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाची शक्यता असते. उघड्या घरात एकच सर आली तरी मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि विजेची जोडणी यांचे नुकसान होते. म्हणून लागणारे लाकूड, रीपा व पूरक कौले घरी येऊन पडल्याशिवाय जुनी कौले उतरवू नयेत, असा संकेत आहे. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या दवाने शेवाळलेली कौले निसरडी होतात. त्यामुळे ऊन पडून छप्पर सुकल्यावरच काम सुरू केले जाते.

### पाहणी व नोंद

छपराला हात लावण्यापूर्वी घराच्या आतून, माळ्यावरून, सांगाड्याची पाहणी केली जाते. वाशांची टोके भिंतीवर जेथे टेकतात ती जागा, आढ्याचे सांधे आणि गळतीचे डाग विशेष काळजीने पाहिले जातात. लाकडावर हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी लाकूड भरीव आवाज देते, तर वाळवीने पोखरलेले लाकूड पोकळ वाजते. सुरीचे टोक सहज आत शिरत असेल तर त्या वाशाला खालून टेकू दिल्याशिवाय वर काम करत नाहीत. प्रत्येक पाख्यातील ओळी व प्रत्येक ओळीतील कौले मोजून ठेवल्यास किती नवी कौले लागतील याचा अंदाज बांधता येतो. चारही बाजूंची छायाचित्रे पुन्हा मांडणी करताना उपयोगी पडतात.

### घर मोकळे करणे

माळ्यावरील सामान खाली उतरवले जाते. छपराखालून गेलेला वीजपुरवठा मुख्य खटक्यापासून बंद केला जातो. छपरावरील सौर पाणीतापक, अँटेना किंवा ध्वनिक्षेपक आधी काढले जातात. देवघर, धान्याच्या कणग्या व जड लाकडी सामान हलवता येत नसेल तर ताडपत्रीने झाकतात, कारण कौलांवर व रीपांवर साचलेली अनेक वर्षांची धूळ, जळमटे आणि उंदरांची घरटी काम सुरू होताच खाली पडतात.

## उतरवण्याचा क्रम

### आढ्यावरील कौले

सुरुवात सर्वांत वरून, आढ्यावरील कौलांपासून होते. यांना कोकणात कोने म्हणतात. कोने चुन्यात बसवलेले असतील तर चुन्याचा थर छिन्नीने व लहान हातोडीने हळूहळू खरवडून ते मोकळे करता येतात. सिमेंटमध्ये बसवलेले कोने मात्र सहसा अखंड निघत नाहीत. पहारीने तरफ देऊन उचकटल्यास कोना तर फुटतोच, शिवाय शेजारची पहिली ओळही तडकते. त्यामुळे सिमेंटचा थर तुकड्या-तुकड्याने कापून काढला जातो आणि फुटणाऱ्या कोन्यांच्या जागी नवे आणण्याची तयारी ठेवली जाते. चौपाखी घरात आढ्यानंतर कोनवाशांवरील कोने काढतात.

### पाख्यावरील कौले

छप्पर घालताना वळचणीपासून वर आढ्याकडे ओळी चढवतात. त्यामुळे प्रत्येक ओळीचे वरचे टोक तिच्या वरील ओळीखाली दबलेले असते. उतरवताना आढ्याजवळची ओळ प्रथम मोकळी होते आणि काम खाली वळचणीकडे सरकते. एका ओळीतही क्रम असतो. ज्या कौलाची कड शेजारच्या कौलावर चढलेली असते ते आधी निघते. दबलेले कौल ओढून काढल्यास त्याची खाच तुटते. कौल आधी किंचित वरच्या दिशेने सरकवून त्याचे उंचवटे रीपेवरून सोडवतात आणि मग दोन्ही हातांनी उचलतात. वाऱ्याच्या ठिकाणी वळचणीच्या ओळी तारेने बांधलेल्या असतात. ती तार आधी कापावी लागते.

नळीच्या कौलांत प्रथम पालथी ओळ आणि मग तिच्याखालील उताण्या ओळी काढल्या जातात. ही कौले एकमेकांत अडकलेली नसल्यामुळे मधले एक काढताच वरची घसरू शकतात. म्हणून येथेही काम आढ्याकडूनच सुरू होते.

### दोन्ही पाख्यांचा समतोल

एक पाखे पूर्ण उघडे करून दुसरे तसेच भरलेले ठेवणे, ही या कामातील गंभीर चूक मानली जाते. एका बाजूचा दीड-दोन टन भार गेल्यावर दुसऱ्या बाजूचा भार आढ्याला ढकलतो. सांधे सैल झालेला जुना सांगाडा अशा वेळी कलतो किंवा वासे भिंतीवरून सरकतात. हे टाळण्यासाठी समोरासमोरच्या दोन्ही पाख्यांवरून आळीपाळीने, काही ओळी एकीकडच्या आणि तितक्याच दुसरीकडच्या, अशा पद्धतीने कौले काढतात. घर मोठे असल्यास लांबीचे भाग पाडून एका भागाची दोन्ही पाखी उतरवली जातात, त्या भागाची दुरुस्ती होऊन कौले परत चढली की पुढचा भाग उघडला जातो. या पद्धतीत कुटुंबाला घराच्या उरलेल्या भागात राहता येते आणि अवचित पाऊस आल्यास झाकायचे क्षेत्रही कमी असते.

### खाली आणणे

कौले वरून फेकली जात नाहीत. शिडीवर व जमिनीवर माणसांची साखळी करून ती हातोहात खाली दिली जातात किंवा दोर बांधलेल्या पाटीतून थोडी-थोडी सोडली जातात. उतरवलेली कौले तात्पुरतीही पाख्यावर किंवा माळ्याच्या फळ्यांवर रचून ठेवत नाहीत, कारण सर्व छपरावर पसरलेला भार अशा वेळी एका जागी एकवटतो.

## सुरक्षितता

या कामातील सर्वांत मोठा धोका छपरावरून बाहेर पडण्याइतकाच छपरातून आत पडण्याचा असतो. कौल माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेले नसते. वरून अखंड दिसणारे कौल आतून तडकलेले असू शकते आणि त्याखालील रीप कुजलेली असू शकते. त्यामुळे कौलांवर थेट पाय देत नाहीत. आढ्याला आकडा अडकवलेली सपाट शिडी किंवा अनेक वाशांवर टेकणारी फळी पाख्यावर ठेवून तिच्यावरून काम केले जाते. जेथे शक्य असेल तेथे घराच्या आत पहाड बांधून, खालून कौले सोडवणे अधिक सुरक्षित ठरते.

* कमरपट्ट्याऐवजी संपूर्ण शरीराला बसणारा सुरक्षा पट्टा वापरतात व त्याचा दोर तपासलेल्या तुळईला किंवा आढ्याला बांधतात. रीपेला दोर बांधणे निरुपयोगी असते.
* शिडी लावताना उंचीच्या एक चतुर्थांश अंतर भिंतीपासून दूर ठेवतात, म्हणजे चार मीटर उंचीसाठी पाया एक मीटर पुढे. शिडीचे वरचे टोक वळचणीच्या पुढे सुमारे एक मीटर गेलेले असावे व ते बांधलेले असावे.
* वळचणीखालील जागा दोर लावून बंद केली जाते. मुले व जनावरे त्या बाजूला येऊ दिली जात नाहीत.
* शिरस्त्राण, हातमोजे, धूळरोधक मुखपट्टी आणि घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे वापरली जातात.
* वारा सुटल्यास काम थांबवतात. उघड्या वाशांवर अंथरलेली ताडपत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि ती धरणारा माणूस तोल जाऊन पडू शकतो.

इमारती पाडण्याच्या कामातील सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ४१३० हे मानक आहे. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी व कल्याणासाठी १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम संमत झाला. गावातील लहान घरांची कामे बहुधा शेजारी, नातेवाईक व रोजंदारीवरील गडी यांच्या मदतीने होतात. त्यामुळे प्रत्यक्ष सुरक्षिततेची जबाबदारी घरमालक व काम पाहणारा सुतार यांच्यावरच येते.

### प्राणी व कीटक

कौलांखालील उबदार, अंधाऱ्या जागेत विंचू, साप, पाली, वटवाघळे व गांधीलमाश्यांची पोळी आढळतात. कौलाच्या कडेखाली बोटे न घालता ते आधी काठीने किंवा उलथन्याने थोडे उचलून पाहण्याची पद्धत आहे. साप दिसल्यास काम थांबवून सर्पमित्रांना किंवा वन विभागाला कळवतात. सर्पदंश झाल्यास रुग्णाला तात्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. वटवाघळांची विष्ठा कोरडी झाडल्यास तिची धूळ श्वासात जाते, म्हणून ती पाणी शिंपडून ओली करून गोळा केली जाते.

### अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे

अनेक जुन्या घरांना पुढे पडवी किंवा न्हाणीघर जोडताना अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे घातलेले असतात. या पत्र्यांतील तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत गेल्यास कालांतराने गंभीर आजार होतात. असे पत्रे फोडणे, करवतीने कापणे किंवा कोरडे घासणे टाळावे लागते. ते ओले करून अखंड उतरवले जातात आणि कौलांच्या ढिगात न मिसळता वेगळे ठेवले जातात.

## निवड, सफाई व साठवण

खाली आलेले प्रत्येक कौल बोटाने किंवा लाकडी दांडीने वाजवून पाहिले जाते. चांगले भाजलेले, अखंड कौल खणखणीत वाजते. तडा गेलेल्या कौलाचा आवाज बद्द येतो. या परीक्षेनंतर कौलांचे तीन ढीग केले जातात : पुन्हा छपरावर चढवण्याजोगी, कडा किंचित उडालेली पण गोठा अथवा लाकडांच्या खोपीवर चालणारी, आणि फुटलेली. एकाच साच्याची कौले एकत्र ठेवली जातात. कमी भरणारी संख्या मिसळ साच्यांच्या कौलांनी भरून काढायची असल्यास ती एका बाजूच्या पाख्यावर एकत्र घातली जातात, म्हणजे मुख्य पाख्यातील जोड बिघडत नाहीत.

शेवाळ व माती पाण्याने आणि ताठ केसांच्या ब्रशने काढली जाते. तीव्र आम्ल किंवा धातूचा ब्रश वापरल्यास कौलाचा भाजलेला पृष्ठभाग झिजतो आणि ते अधिक पाणी शोषू लागते. खाचांत अडकलेली माती काढणे महत्त्वाचे असते, कारण तिच्यामुळे कौले एकमेकांत पूर्ण बसत नाहीत.

साठवताना कौले आडवी एकावर एक न रचता कडेवर उभी, किंचित कलती ठेवतात. आडव्या ढिगात खालच्या कौलांवर सर्व भार येऊन ती तडकतात. रांगा सपाट व कोरड्या जागी, भिंतीपासून अंतर ठेवून आणि कमी उंचीच्या लावल्या जातात.

## सांगाड्याची दुरुस्ती

कौले उतरल्यावर सांगाडा प्रथमच पूर्ण उघडा दिसतो. वाळवीने खाल्लेले वासे बदलणे, टोकाशी कुजलेल्या वाशाला निरोगी लाकूड जोडणे, आढे पातळीत आणणे आणि वाळवीप्रतिबंधक द्रव्य लावणे ही कामे याच वेळी होतात. रीपांमधील अंतर उपलब्ध कौलांच्या मापानुसार ठरवतात. जुन्या कौलांचेच छप्पर परत घालायचे असेल तर नव्या रीपा ठोकण्यापूर्वी दोन-तीन ओळी मांडून अंतर निश्चित केले जाते. अंतर जास्त झाल्यास कौलांची एकमेकांवरील चढण कमी होऊन गळती होते; कमी झाल्यास कौले अधिक लागतात व भार वाढतो.

## पुनर्वापर

चांगल्या जुन्या कौलांना वारसा वास्तूंच्या दुरुस्तीसाठी आणि जुन्या पद्धतीच्या नव्या घरांसाठी मागणी असते. फुटलेल्या कौलांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळून गिलावा करण्याची पद्धत जुनी आहे. तुकडे अंगणातील पायवाटेत, जोत्याच्या भरावात किंवा झाडांच्या आळ्याभोवती वापरले जातात. बांधकाम व पाडकामातून निघणाऱ्या कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम अधिसूचित केले. असा कचरा रस्त्याकडेला, नाल्यात किंवा ओढ्यात टाकण्यास त्यांनी मनाई केली.

वारसा यादीत समाविष्ट असलेल्या इमारतीचे छप्पर उतरवण्यापूर्वी संबंधित नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. बृहन्मुंबईत अशी वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे. अशा इमारतींत कौलांचा साचा, पाख्याचा उतार व वळचणीची ठेवण पूर्ववत राखण्यावर भर दिला जातो.

## सामाजिक संदर्भ

मृग नक्षत्रापूर्वी घर शाकारणे हा कोकणातील ग्रामजीवनाचा वार्षिक भाग होता. वाडीतील माणसे एकमेकांच्या घरांवर आळीपाळीने चढत आणि कौल वाजवून पारखण्याची, वासा ओळखण्याची व ओळ धरून काम करण्याची रीत तरुण मुले तेथेच शिकत. रोजगारासाठी मुंबई व इतर शहरांत झालेले स्थलांतर, बंद पडलेली घरे आणि पत्र्यांचा वाढता वापर यांमुळे ही कामे जाणणाऱ्यांची संख्या घटली आहे. दरवर्षी शाकारणी होत असे तेव्हा सरकलेली कौले व कुजू लागलेले वासे वेळीच ध्यानात येत. ती बंद पडल्यावर दोष वर्षानुवर्षे साचतात आणि अखेरीस संपूर्ण छप्पर उतरवण्याची वेळ येते. सांगाडा अशा वेळी सर्वांत कमकुवत अवस्थेत असतो. म्हणूनच दीर्घकाळ बंद राहिलेल्या घराची कौले उतरवताना अनुभवी सुताराने सांगाडा तपासून टेकू दिल्यानंतरच कामाला आरंभ करणे आवश्यक ठरते.

## हेही पाहा

* शाकारणी
* मंगलोरी कौल
* माळवद
* चुन्याचा गिलावा
* निसर्ग चक्रीवादळ